केप अडेअर: खडेचोरांची वस्ती

आधी नुसता आवाज ऐका.

हा गोंगाट अ‍ॅडेली पेंग्विनांचा. वास तुमच्यापर्यंत पोचत नाही, हे तुमचं नशीब.

अंटार्क्टिकात, रॉस समुद्राच्या तोंडाशी उभा असलेला हा काळा कडा म्हणजे केप अडेअर. पायथ्याशी रिडली बीच. ऐन हंगामात इथे दोन लाखांहून जास्त जोड्या असतात. अ‍ॅडेलींची एवढी मोठी वस्ती जगात दुसरी नाही. जमिनीवरचा गुलाबी रंग विष्ठेचा. पोटात क्रिल, म्हणजे कोळंबीसारखे बारीक समुद्री जीव, असले की तो असाच उतरतो.

ऑक्टोबरात समुद्राच्या बर्फावरून आधी नर येतात आणि खडे गोळा करायला लागतात. इथे गवत नाही, काडी नाही. बर्फ वितळून पाणी वाहू लागलं की अंडी भिजू नयेत, म्हणून खड्यांचा ओटा. अंडी दोन. ओटा खचला की ती गेलीच.

म्हणून ही चोरी. त्या डावीकडच्याकडे बघा. शेजाऱ्यानं मान वळवली, याची चोच खाली गेली, खडा उचलला. आता पिसं अंगासरशी चापून, काही झालंच नाही अशा थाटात चाललाय. पण मागे वळून बघा: तेवढ्यात त्याच्याच घरट्यातला खडा तिसऱ्यानं पळवलाय!

१९११-१२ मध्ये ब्रिटिश शोधप्रवासी रॉबर्ट स्कॉटच्या मोहिमेतले डॉक्टर मरे लेव्हिक इथे राहिले. त्यांनी काही खडे लाल रंगवून वस्तीच्या कडेला ठेवले. चोरीचा माल हातोहात फिरला आणि लाल खडे आतल्या घरट्यांपर्यंत पोचले. लेव्हिकना पेंग्विनांचं कामजीवनही दिसलं. ते इतकं चमत्कारिक वाटलं, की वहीतल्या काही नोंदी त्यांनी ग्रीक लिपीत लिहिल्या!

पक्ष्यांच्या गर्दीत ही लाकडी झोपडी दिसते ना? १८९९ साली शोधप्रवासी बोर्कग्रेव्हिंकच्या मोहिमेनं ती उभारली. अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवर माणसांनी काढलेला पहिला हिवाळा तो. दहा जण होते. त्यांतला प्राणिशास्त्रज्ञ निकोलाय हॅन्सन पेंग्विन परतायची वाट बघत आजारी पडला होता. पहिला पेंग्विन आला, तो सोबत्यांनी त्याच्या बिछान्यापाशी नेला. त्यानं तो हरखून न्याहाळला आणि थोड्याच वेळात, १४ ऑक्टोबर १८९९ रोजी, प्राण सोडला.

त्याची कबर वर कड्यावर आहे. खाली जागा पुरली नाही, की काही पेंग्विन तो चढ चढतात. पिल्लं झाली की समुद्रावर जाऊन पोटात क्रिल भरायचे आणि पुन्हा तेवढंच चढून यायचं. हा बघा, निघालाय एक. धापा टाकतोय.