गाण्याची मालकी, रस्त्याची मिळकत

(दृश्य : नॅशव्हिलच्या ग्रीन हिल्स भागातील दुकानांची एक ठेंगणी रांग. त्यांतल्या एका दाराबाहेर उभे असलेले श्रोते.)

अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील नॅशव्हिल शहरात, दुकानांच्या एका साध्या रांगेत, ब्लूबर्ड कॅफे नावाची जागा आहे. एमी कर्लंड यांनी १९८२ मध्ये सुरू केलेल्या या कॅफेत जेमतेम ९० माणसे बसू शकतात. १९८५ पासून येथे एक प्रथा रुळली. चार गीतकार मंचावर न चढता खोलीच्या मधोमध एकमेकांकडे तोंड करून बसतात आणि आळीपाळीने आपापली गाणी म्हणतात. गाणे चालू असताना श्रोत्यांनी बोलायचे नाही, हा येथील नियम आहे आणि तो मोडणाऱ्याला लगेच गप्प केले जाते. गाणाऱ्यांचे चेहरे बहुतेकांना अनोळखी असतात. गाणी मात्र पाठ असतात, कारण दुसऱ्याच कोणाच्या तरी आवाजात त्यांनी ती वर्षानुवर्षे ऐकलेली असतात.

ही प्रथा सुरू करणाऱ्यांपैकी एक होते डॉन श्लिट्झ. व्हँडरबिल्ट विद्यापीठात संगणक चालवण्याची नोकरी करत असताना त्यांनी एका जुगाऱ्यावर गाणे लिहिले. गायक केनी रॉजर्स यांनी १९७८ मध्ये ते गायले आणि लोकांनी ते रॉजर्स यांचेच मानले. कायद्याने मात्र तसे मानले नाही. अमेरिकेत नेहमीच्या रेडिओ केंद्रावर गाणे वाजते, तेव्हा त्याचे पैसे गीतकार-संगीतकाराला आणि गाण्याचे हक्क सांभाळणाऱ्या प्रकाशकाला मिळतात. ज्याचा आवाज ऐकू येतो, त्या गायकाला त्यातला एक सेंटही मिळत नाही. कंट्री या अमेरिकेतील ग्रामीण वळणाच्या संगीताच्या दुनियेत संध्याकाळी घरी दिवा कोण लावतो आणि कोण वर्षातले दीडदोनशे दिवस बसमध्ये झोपतो, याचा उलगडा बराचसा या एका तरतुदीतून होतो. कंट्री कलावंत मुलाखतीत गाणे सुचण्याविषयी, दौऱ्यांविषयी आणि घराविषयी वेगवेगळे बोलतात. आपण या तिन्ही गोष्टी एकाच खातेवहीत मांडून पाहणार आहोत.

(दृश्य : रायमन सभागृहाची लाल विटांची इमारत, जुनी कृष्णधवल छायाचित्रे.)

नॅशव्हिलचे डब्ल्यूएसएम हे रेडिओ केंद्र एका विमा कंपनीच्या मालकीचे होते. १९२५ च्या नोव्हेंबरमध्ये या केंद्रावर सुरू झालेला शनिवार रात्रीचा ग्रामीण संगीताचा कार्यक्रम पुढे ‘ग्रँड ओल ऑप्री’ या नावाने प्रसिद्ध झाला आणि १९४३ ते १९७४ या काळात तो रायमन सभागृहातून प्रसारित होत असे. ऑप्रीकडून मिळणारे मानधन तुटपुंजे होते; मिळत असे ती प्रसिद्धी. शनिवारी रेडिओवर कमावलेले नाव कलावंत आठवडाभर शाळांच्या सभागृहांत, जत्रांत आणि नाचघरांत विकत आणि पुढच्या शनिवारी परत हजर होण्यासाठी रात्रभर गाडी हाकत.

या व्यवस्थेने पहिला मोठा अन्याय केला, तो तिच्या सुरुवातीच्या सर्वांत लोकप्रिय वादकांपैकी एकावर. डिफोर्ड बेली हे कृष्णवर्णीय हार्मोनिकावादक. आगगाडीचा धावता आवाज त्यांनी हार्मोनिकावर असा उभा केला होता की श्रोते थक्क होत. दौऱ्यावर ते गोऱ्या कलावंतांबरोबर त्याच मंचावर वाजवत. रात्री मात्र त्याच हॉटेलात खोली मिळण्याची त्यांना खात्री नसे. रेडिओ केंद्रे आणि गीतकारांची हक्कसंस्था यांच्यात १९४१ मध्ये परवाना शुल्कावरून भांडण जुंपले. त्या संस्थेकडे नोंदवलेल्या रचना रेडिओवर वाजवणे बंद झाले, त्यात बेली यांच्या गाजलेल्या धूनही अडकल्या आणि ते नव्या धून बसवत नाहीत असे कारण पुढे करून त्यांना काढून टाकण्यात आले. पुढची कित्येक वर्षे त्यांनी बूटपॉलिशच्या दुकानावर गुजराण केली. कंट्री संगीताच्या मानकऱ्यांच्या दालनात त्यांना २००५ मध्ये जागा मिळाली, तेव्हा त्यांच्या मृत्यूला २३ वर्षे झाली होती.

रस्त्याने घेतलेल्या बळींत सर्वाधिक सांगितली जाणारी कथा गायक-गीतकार हँक विल्यम्स यांची आहे. १९५३ च्या १ जानेवारीला ओहायोतील कँटन येथे त्यांचा कार्यक्रम होता. हवामान बिघडल्याने विमानाचा बेत फसला, म्हणून एका तरुण चालकाला सोबत घेऊन ते कॅडिलॅकमधून निघाले आणि वाटेत मागच्या आसनावरच त्यांचा मृत्यू झाल्याचे वेस्ट व्हर्जिनियात लक्षात आले. त्यांचे वय २९ होते. पाठीचे जन्मजात दुखणे, दारू, वेदनाशामके आणि अखंड प्रवास यांनी ते आधीच पोखरले गेले होते. दहा वर्षांनी, १९६३ च्या मार्चमध्ये, गायिका पॅट्सी क्लाइन कॅन्सस सिटीहून परतताना लहान विमानाच्या अपघातात गेल्या. तेथे त्या एका दिवंगत रेडिओ निवेदकाच्या कुटुंबासाठी झालेल्या मदत कार्यक्रमात गायला गेल्या होत्या. या मृत्यूंभोवती नंतर जे शोकरम्य वलय निर्माण झाले, ते मला फारसे रुचत नाही. थंडी, थकवा, खराब हवामान आणि चुकवता न येणारी पुढची तारीख, इतकीच त्यांची कारणे आहेत.

(दृश्य : केंटकीतील डोंगराळ भाग, लाकडी घर.)

गायिका-गीतकार लोरेटा लिन यांचा जन्म १९३२ मध्ये केंटकीतील बुचर हॉलो या खाणकामगारांच्या वस्तीत झाला. पंधराव्या वर्षी लग्न झाले आणि वयाची विशी गाठेपर्यंत पदरी चार मुले होती. नवऱ्याबरोबर देशाच्या दुसऱ्या टोकाला, वॉशिंग्टन राज्यात राहत असताना त्याने त्यांना १७ डॉलरची गिटार आणून दिली. वाजवायला आणि लिहायला त्या स्वतःच शिकल्या. त्यांची पहिली तबकडी १९६० मध्ये निघाली, तेव्हा नवरा-बायको मोटारीत तबकड्या भरून एका रेडिओ केंद्राकडून दुसऱ्याकडे गेली आणि गाणे वाजवण्याची विनंती करत त्यांनी देश पालथा घातला.

त्यांच्या गाण्यांत नवऱ्याचे पिणे, त्याच्या भानगडी आणि एकामागून एक होणारी बाळंतपणे यांचे वर्णन कोणताही आडपडदा न ठेवता येत असे. स्वयंपाकघरात ज्या शब्दांत भांडण होते, त्याच शब्दांत त्यांनी कडवी बांधली. गर्भनिरोधक गोळीवरचे त्यांचे गाणे १९७५ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा अनेक रेडिओ केंद्रांनी ते वाजवायला नकार दिला आणि ते तरीही गाजले. १९७२ मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनचा वर्षातील सर्वोत्तम कलावंताचा पुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या.

या यशाची दुसरी बाजू त्यांनी स्वतःच वेळोवेळी सांगितली आहे. धाकट्या जुळ्या मुली लहान असताना आई बहुतेक काळ बसमध्ये होती आणि मुले दुसऱ्यांच्या हाताखाली वाढली. १९८४ मध्ये हरिकेन मिल्स येथील त्यांच्या मालमत्तेतून वाहणाऱ्या नदीत त्यांचा थोरला मुलगा बुडाला, तेव्हाही त्या दौऱ्यावरच होत्या. घराचे वर्णन करून नाव कमावलेल्या स्त्रीला त्या नावापायी घरापासून दूर राहावे लागले. मला अधिक महत्त्वाची वाटते ती मात्र या कहाणीतील कमी सांगितली जाणारी बाब. कारकिर्दीच्या आरंभी ज्या विल्बर्न बंधूंनी त्यांना हात दिला, त्यांच्याच कंपनीशी केलेल्या करारामुळे त्यांच्या गाण्यांचे प्रकाशन हक्क त्या कंपनीकडे गेले. ते परत मिळवण्यासाठी लिन सुमारे ३० वर्षे लढल्या आणि हरल्या. आपण लिहू ते दुसऱ्याच्या खिशात जाणार, या जाणिवेने त्यांनी सत्तरच्या दशकात लिहिणेच आवरते घेतले. कंट्री म्हणजे तीन कॉर्ड (एकत्र वाजवलेल्या स्वरांचे मेळ) आणि सत्य, ही गीतकार हार्लन हॉवर्ड यांची व्याख्या प्रत्येक मुलाखतीत उद्धृत होते; तीत करारपत्राचा उल्लेख नाही.

(दृश्य : टेनेसीतील स्मोकी पर्वतरांगा, त्यानंतर जुन्या दौऱ्याच्या बसचा अंतर्भाग.)

करारपत्राचे मोल ओळखणारी गीतकार म्हणून डॉली पार्टन यांच्याकडे पाहायला हवे. बारा भावंडांतील त्या चौथ्या. वडिलांना लिहिता-वाचता येत नव्हते, तरी व्यवहारात त्यांना कोणी फसवू शकत नसे, असे त्या आवर्जून सांगतात. शालेय शिक्षण संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी, १९६४ मध्ये, त्या नॅशव्हिलला आल्या आणि दोनच वर्षांत मामांच्या साथीने त्यांनी स्वतःची प्रकाशन कंपनी काढली. तेव्हा त्या अवघ्या विशीत होत्या आणि त्यांचे नाव फारसे कोणाला माहीत नव्हते.

आईने चिंध्या जोडून शिवलेल्या कोटावरचे त्यांचे गाणे बसमध्ये लिहिले गेले. ओळी सुचू लागल्या तेव्हा जवळ कागद नव्हता, म्हणून गायक पोर्टर वॅगनर यांच्या धुऊन आलेल्या पोशाखांना लावलेली लाँड्रीची पावती काढून तिच्यावर त्यांनी ते उतरवले. वॅगनर यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात त्या १९६७ पासून गात होत्या. स्वतंत्र होण्याची वेळ आली, तेव्हा वाद घालण्याऐवजी त्यांनी निरोपाचे एक गाणे लिहून वॅगनर यांना ऐकवले. ते १९७४ मध्ये गाजले आणि एल्व्हिस प्रेस्ली यांनी ते ध्वनिमुद्रित करायचे ठरवले. ध्वनिमुद्रणाच्या तोंडावर प्रेस्ली यांचे व्यवस्थापक कर्नल टॉम पार्कर यांनी अट घातली की गाण्याचे निम्मे प्रकाशन हक्क आम्हाला द्यावेत. प्रेस्ली यांचा आवाज लाभणे म्हणजे काय, हे पार्टन यांना पुरेपूर ठाऊक होते. त्यांनी नकार दिला आणि त्या रात्रभर रडल्या. १९९२ मध्ये व्हिटनी ह्यूस्टन यांनी तेच गाणे चित्रपटासाठी गायले आणि अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ते १४ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. त्याचा गीतकाराचा आणि प्रकाशकाचा असे दोन्ही वाटे पार्टन यांना मिळाले.

मंचाबाहेरचे आयुष्य झाकून ठेवण्याची चैन त्यांना परवडली, त्याचे श्रेय मी याच निर्णयाला देईन. त्यांचे पती कार्ल डीन रस्त्यांच्या डांबरीकरणाचा व्यवसाय करत. १९६६ मध्ये लग्न झाल्यावर ते पत्नीबरोबर एका पुरस्कार सोहळ्याला गेले, घरी येऊन पुन्हा असल्या समारंभाला बोलावू नकोस म्हणाले आणि २०२५ मध्ये निधन होईपर्यंत प्रसिद्धीपासून दूरच राहिले. वडिलांच्या निरक्षरतेची आठवण ठेवून पार्टन यांनी १९९५ मध्ये लहान मुलांना घरपोच मोफत पुस्तके देणारा उपक्रम सुरू केला; त्यालाही हाच पाया लाभला.

(दृश्य : टेक्सासमधील सरळ महामार्ग.)

गायक-गीतकार विली नेल्सन यांचे गणित अगदी उलट. ह्यूस्टनमध्ये पैशाची चणचण असताना त्यांनी एक गाणे ५० डॉलरला विकून टाकले होते. नॅशव्हिलला आल्यावर प्रकाशकाने त्यांना आठवड्याला ५० डॉलरवर ठेवले, तेही हँक कॉक्रन या मित्राने स्वतःची पगारवाढ त्यांच्यासाठी सोडली म्हणून. पॅट्सी क्लाइन यांनी १९६१ मध्ये त्यांचे गाणे अजरामर केले, तरी गायक म्हणून त्यांना नॅशव्हिलने बराच काळ दाद दिली नाही आणि अखेर ते टेक्सासला परतले. १९९० मध्ये १ कोटी ६७ लाख डॉलरच्या कर थकबाकीपोटी सरकारने त्यांची मालमत्ता जप्त केली. जिच्या लाकडाला घासून घासून भोक पडले आहे ती १९६९ पासूनची गिटार जप्तीत जाऊ नये, म्हणून त्यांच्या मुलीने ती आधीच दूर पाठवून दिली. नेल्सन यांनी केवळ गिटारच्या साथीने गाऊन एक संग्रह काढला, त्याच्या विक्रीतून आणि दौऱ्यांतून देणे फेडले. नव्वदी ओलांडल्यावरही त्यांची बस धावत राहिली. आपल्याला रस्ता आवडतो असे ते म्हणतात आणि त्यांच्या बाबतीत ते खरे असावे.

(दृश्य : रात्री उभ्या असलेल्या बसची रांग, सकाळी म्युझिक रो.)

दौऱ्यांच्या बसमध्ये साधारणतः १२ झोपण्याच्या जागा एकावर एक रचलेल्या असतात आणि अचानक ब्रेक लागल्यास मानेला इजा होऊ नये म्हणून पाय पुढच्या दिशेला करून झोपायचे, हे नव्या माणसाला पहिल्याच रात्री सांगितले जाते. बुधवारी किंवा गुरुवारी रात्री नॅशव्हिल सोडायचे, तीन कार्यक्रम करायचे आणि रविवारी पहाटे परतायचे, असा अनेकांचा आठवडा असतो. उरलेल्या दिवसांत म्युझिक रो या भागातील प्रकाशकांच्या खोल्यांत, सकाळी दहा-अकरा वाजता, दोघे-तिघे ठरल्या वेळी भेटून एकत्र गाणे लिहितात. प्रकाशक लेखकाला दरमहा जी रक्कम देतो, ती पगार नसून भविष्यातील रॉयल्टीतून वळती होणारी उचल असते.

रॉयल्टीचा इतिहासही कृपण आहे. ध्वनिमुद्रिकेच्या प्रत्येक प्रतीमागे गाण्याला मिळणारा कायदेशीर दर १९०९ पासून १९७७ च्या अखेरीपर्यंत दोन सेंटच राहिला. २०२३ मध्ये तो १२ सेंट झाला. या दरात एक मोठी सोय होती. कोणी अल्बम विकत घेतला की त्यातल्या गाजलेल्या गाण्याइतकेच पैसे शेवटच्या, कोणी न ऐकलेल्या गाण्यालाही मिळत. नॅशव्हिलचे शेकडो गीतकार अशा न गाजलेल्या गाण्यांवर घर चालवत, मुलांना शाळेत सोडून कामाला येत आणि संध्याकाळी घरी जात. स्ट्रीमिंगमध्ये जे गाणे वाजते त्याचेच पैसे मिळतात आणि तेही सेंटच्या अंशांत, त्यामुळे हा वर्ग झपाट्याने रोडावला. २०१८ मध्ये संगीत परवान्यांचा कायदा सुधारला गेला आणि स्ट्रीमिंगची रॉयल्टी गोळा करून वाटणारी संस्था नॅशव्हिलमध्येच स्थापन झाली. वाटप त्यामुळे सुधारले, रक्कम मात्र अंशांचीच राहिली.

आता एखाद्या गायकाने स्वतः सहलेखन केलेलीच गाणी घ्यायचे ठरवले, तर गीतकाराला तो भेटेल तेथे जावे लागते, आणि तो भेटतो बसमध्ये. म्हणून गुरुवारी रात्री निघणाऱ्या बसमधील एखाददुसरी जागा हल्ली गीतकारासाठी राखलेली असते. गायक मंचावरची ध्वनितपासणी उरकून येईपर्यंत तो मागच्या छोट्या खोलीत चाल जुळवत बसतो, कार्यक्रमापूर्वी तासभर दोघे मिळून लिहितात आणि रविवारी पहाटे तो गायकाबरोबरच नॅशव्हिलला उतरतो.