दाण्याचा रंग

शेतात अनवाणी चालताना काटा मोडतो. सुईने काढायचा, हळद दाबायची, पुन्हा कामाला लागायचं. काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, त्याच जागी गाठ येते. दुखत नाही, म्हणून कुणी दवाखान्याची पायरी चढत नाही. खरा घात इथेच होतो. पाऊल सुजतं, कातडीला भोकं पडतात, पू वाहतो. आणि त्या पुवात बारीक दाणे दिसतात.

हा मायसेटोमा. १८४२ साली मदुराईत जॉन गिल यांनी याची नोंद केली, म्हणून ‘मदुरा फूट’. मायसेटोमा हे नाव मात्र मुंबईचं. ते दिलं ग्रँट मेडिकल कॉलेजातले हेन्री व्हँडाइक कार्टर यांनी. ग्रे यांच्या शरीररचनेच्या ग्रंथातली ती अप्रतिम चित्रं याच माणसाच्या हातची! कार्टर यांनी दोष दिला बुरशीला. पण १८९४मध्ये फ्रेंच डॉक्टर व्हिन्सेंट यांनी अल्जीरियातल्या एका रुग्णाच्या पायातून जे वाढवलं, ते पुढे जिवाणू ठरलं.

म्हणजे पाय तसाच, गुन्हेगार दोन. आणि उपचार पार वेगळे. बुरशी असेल तर महिनोन्महिने गोळ्या आणि बहुतेकदा शस्त्रक्रिया. उशीर झाला तर पायही जातो. जिवाणू असेल तर बऱ्याचदा नुसत्या औषधांवर पाय वाचतो. पुवातला दाणा म्हणजे या जंतूंचाच गोळा, त्यामुळे कापायच्या आधी तो बघायलाच हवा.

तो मिळवायची युक्ती साधी आहे. रात्री भोकावर गॉज बांधून ठेवायचं, सकाळी त्याला दाणे चिकटलेले असतात. काळा दाणा म्हणजे बुरशी, लाल म्हणजे जिवाणू. पांढरा-पिवळा असला तर रंगावर विसंबून चालत नाही. दाणा काचेवर चिरडून सूक्ष्मदर्शकाखाली धरावा लागतो. जिवाणूचे धागे अगदी बारीक, बुरशीचे त्याहून जाड.

जिवाणू निघाला की कोट्रायमॉक्सॅझोल या जिवाणूनाशक औषधाच्या गोळ्या, आणि आजार खोलवर गेला असेल तर जोडीला अमिकासिन या दुसऱ्या जिवाणूनाशकाची इंजेक्शनं. मेक्सिकोतले डॉक्टर ऑलिव्हेरिओ वेल्श यांनी रूढ केलेली ही जोडी आपल्याकडेही वापरतात. इंजेक्शनं सलग तीन आठवडे, मग खंड, मग पुन्हा. अमिकासिन कानाला आणि मूत्रपिंडाला बाधू शकतं, म्हणून प्रत्येक फेरीआधी रक्त तपासायचं आणि कानांची चाचणीही करायची.