वरच्या मजल्यावरचा वर्ग

(दृश्य : संध्याकाळ. महापालिकेच्या शाळेचं फाटक. रिक्षांचा आवाज.)

सात वाजून दहा मिनिटं. शाळा केव्हाच सुटली आहे. फाटकाशी एक माणूस उगाचच मोबाइल काढून बघतो, पानटपरीपर्यंत जातो, परत येतो. जिना समोरच आहे.

टपरीपर्यंतची ही फेरी आम्हाला भेटलेल्या बहुतेकांनी मारलेली आहे. एक काका तर तीन बुधवार नुसते फाटकावरून परत गेले. चौथ्या बुधवारी पाऊस आला, म्हणून आडोशाला आत शिरले. "देवानं नाही, पावसानं वर ढकललं," म्हणतात. नऊ वर्षं झाली, दारूचा थेंब घेतलेला नाही.

(दृश्य : जिन्याच्या कठड्याला अडकवलेली छोटी पाटी.)

पाटीवर दोनच अक्षरं. ए. ए. म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांनी नाव-गाव न सांगता एकमेकांना सावरण्यासाठी जमायची जागा. पुढे बाण. इथे आडनाव विचारत नाहीत, नोंदवही नाही, फी नाही. दारू सोडायची इच्छा आहे, एवढं पुरतं. म्हणून आमच्या कॅमेऱ्यात आज चेहरे नाहीत. हात आहेत, चपला आहेत, चहाचे कप आहेत.

वर्गात गेलं की आधी हसू येतं. पाचवीच्या मुलांचे बाक, आणि त्यात गुडघे कोंबून बसलेली पन्नाशीची माणसं. फळ्यावर लसावि-मसावि तसाच. तो पुसायचा नाही, ही इथली शिस्त. सकाळी मुलांना वर्ग जसाच्या तसा मिळाला पाहिजे.

एक जण उभा राहतो. नाव सांगतो, पुढे म्हणतो, "मी अल्कोहोलिक आहे." मग बोलतो. पगाराच्या दिवशी घरी न पोचलेला पगार. मुलीच्या शाळेत वास येईल म्हणून तोंडात कोंबलेली बडीशेप. मध्ये कुणी बोलत नाही. संपल्यावर कुणी उपदेशही करत नाही, आणि मला वाटतं, अर्धं औषध तिथेच आहे. बायको, आई, साहेब, मेहुणा, सगळ्यांनी समजावून झालेला माणूस असतो हा. न समजावणारी माणसं त्याला पहिल्यांदाच भेटतात.

(दृश्य : जुना काळा टेलिफोन, अगदी जवळून.)

याची सुरुवातही एका फोनपासून झाली. 1935 चा मे महिना, अमेरिकेतलं अ‍ॅक्रन शहर. न्यूयॉर्कहून धंद्याच्या कामाला आलेला बिल विल्सन. काम फिसकटलेलं, दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेले, आणि हॉटेलच्या लॉबीतून बारमधली गजबज ऐकू येतेय. त्यानं फोन उचलला आणि गावातल्या पाद्र्यांचे नंबर फिरवायला घेतले. तलफ आपल्याला आलेली, आणि त्यावर उतारा म्हणून हा शोधत होता दुसरा दारुडा! सापडला तो सर्जन होता, डॉ. बॉब स्मिथ. त्या डॉक्टरांनी शेवटचा घोट घेतला 10 जून 1935 ला. ए. ए. तोच आपला स्थापनादिन मानते.

आजही ए. ए.च्या हेल्पलाइनवर फोन लावला तर पलीकडे बहुधा दारू सोडलेला माणूसच असतो. कुठे राहता विचारतो, जवळची मीटिंग सांगतो. आपल्याच गल्लीतली नको असेल तर दोन स्टेशनं पलीकडची सांगतो. ओळखीचं कुणी भेटेल ही धास्ती त्याला नवी नाही. सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइनही आहे, 14446.

एक गोष्ट मात्र इथे थांबून सांगायला हवी. सकाळी एक पेग पोटात गेल्याशिवाय ज्याच्या हाताचा कंप थांबत नाही, त्यानं जिद्दीनं एका रात्रीत दारू बंद करू नये. फिट येते, भास होतात, जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टर, मग मीटिंग.

सगळ्यांना ए. ए. मानवतेच असं नाही. दारूतून बाहेर पडायच्या ए. ए.च्या बारा पायऱ्या आहेत, त्यांत ईश्वराचा उल्लेख येतो, तिथे काही जण अडतात. त्यांना सांगतात, तुमची समजूत असेल तो ईश्वर. हा गट म्हणजेच ईश्वर माना हवं तर. कुणाला दाखल होऊन उपचार हवे असतात. पुण्यात 1986 मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीच्या बळावर 'मुक्तांगण' सुरू केलं, ते याच गरजेतून. घरच्यांसाठी अल-अनॉनच्या वेगळ्या बैठका असतात. आम्ही तिथे गेलो तेव्हा एक ताई म्हणाल्या, "त्याची बाटली शोधता शोधता माझंच आयुष्य हरवलं होतं."

हे सगळं नुसत्या भावनेवर चालतं असं वाटत असेल, तर वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा 2020 चा आढावा पाहावा. 27 अभ्यास, दहा हजारांवर माणसं. दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत, ए. ए.कडे नीट वळवणारे उपचार इतर मान्य उपचारांच्या तोडीचे, बरेचदा सरस ठरले.

(दृश्य : बाकांवरून फिरणारी वेताची टोपली.)

खर्चासाठी टोपली फिरते. आमच्या कॅमेरामननं पन्नासची नोट टाकली, ती हसत हसत परत आली. बाहेरच्यांचे पैसे चालत नाहीत.

साडेआठ. बाकावरचे चहाचे गोल डाग पुसले जातात. फाटकावरचा तो माणूस शेवटच्या बाकावर आहे. वर कधी आला, कळलंच नाही. तासभर एक शब्द बोललेला नाही. आता चपला घालताना विचारतो, "उद्या असते का?"

"उद्या इथे नसते. चर्चच्या मागच्या हॉलमध्ये, साडेसातला." पाऊसवाले काका छत्री झटकतात. "सापडायला जरा अवघड आहे. मी नाक्यावर उभा राहतो."