शाळा तीच, पुस्तक गायब

मुंबईत आयबी शाळा, म्हणजे आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाची शाळा, म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं? एसी वर्ग, गेटबाहेर गाड्यांची लाइन आणि लाखांच्या घरातली फी. आणि महापालिकेची शाळा म्हटलं की? दप्तर, बूट, वह्या, त्या फेमस 27 वस्तू फुकट. ह्या दोन्ही गोष्टी एकाच पाटीवर येतील असं कुणी आधी सांगितलं असतं तर आपण हसलोच असतो. पण 2021 मध्ये पालिकेने आयबीशी करार केला आणि मग विलेपार्ल्यात पालिकेची आयबी शाळा सुरू झाली, फी न घेता.

आता थोडं मागे जाऊ. आयबी म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, शाळांसाठी अभ्यासक्रम बनवणारी संस्था, 1968 ला जिनिव्हात सुरू झाली. देशोदेशी बदल्या होणाऱ्या लोकांच्या मुलांना कुठल्याही देशातल्या युनिव्हर्सिटीत चालेल असं काहीतरी हवं होतं, म्हणून. मूळ सगळं बदलीवाल्यांसाठी हो! (आपल्याकडे बँकवाल्यांची पोरं मात्र दर तीन वर्षांनी नवा बाक शोधत बसतात.) लहान मुलांचा पीवायपी, म्हणजे प्रायमरी इयर्स प्रोग्रॅम, आला 1997 ला, 3 ते 12 वयासाठी.

ह्यात ठरलेलं एक पाठ्यपुस्तकच नाही. वर्षभर सहा मोठ्या थीम, 'आपण कोण आहोत', 'जग कसं चालतं' अशा. समजा पाणी घेतलं, तर धडा वाचून प्रश्नोत्तरं लिहायची नाहीत, पोरं विचारणार की आमच्या चाळीत पाणी पहाटेच का येतं, मग तेच मोजायचं, त्याचीच गणितं, त्याचंच चित्र, त्यावरच भाषण, आणि शेवटच्या वर्षी मुलांनी स्वतः निवडलेल्या प्रश्नावर प्रदर्शन.

खरी गोची बाईंची होते. उत्तर माहीत असून गप्प बसायचं, हे वीस वर्षं फळ्यासमोर काढलेल्या माणसाला किती जड जात असेल! नुसती पाटी बदलून भागत नाही, शाळा आधी कॅंडिडेट, म्हणजे मान्यतेची उमेदवार, होते, शिक्षकांचं ट्रेनिंग होतं, आयबीची माणसं येऊन बघतात, तेव्हा कुठे मान्यता.

आणि हे सगळं परदेशातूनच आलं असं समजू नका बरं का. बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ 1945 पासून पालघरकडच्या बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर हेच करत होत्या. वारली मुलं शाळेत येत नव्हती कारण गुरं कोण राखणार? मग शाळाच कुरणात गेली, गुरं चरतायत आणि शेजारी वर्ग चाललाय. कुरणशाळा. पानं, बिया, दगड हेच साहित्य. जिनिव्हाचा पत्ताही नव्हता तेव्हा.

पालकांचे प्रश्न मात्र साधे असतात. पुस्तक नाही तर घरी अभ्यास काय घेऊ? परीक्षा नाही तर नंबर कसा कळणार? आणि सगळ्यात अवघड, पीवायपी पाचवीला संपतो, पुढे आमचं पोरगं कुठल्या बोर्डात बसवायचं?