सड्यावरचा हत्ती आणि सातबाऱ्यावरचे वारस

अध्यक्ष महोदय आणि मंडळी,

पत्रिकेवर 'पुरातत्त्वीय स्थळांचे संरक्षण : भूसंपादन आणि लोकशिक्षण' असा भारदस्त विषय छापलाय. मी संयोजकांना म्हटलं होतं, नुसतं 'सातबारा' छापा, सभागृह ओसंडून वाहील. त्यांना ते फारच सरकारी वाटलं. माझी सगळी नोकरी भूमी अभिलेख खात्यात मोजणी करण्यात गेली. पुरातत्त्वाची पदवी माझ्याकडे नाही. पण रत्नागिरी जिल्ह्यातले सडे, म्हणजे उघड्या जांभ्याची पठारं, मी पायांखाली घातलेत, आणि आपल्याकडचं पुरातत्त्व शेवटी कुठे येऊन अडतं ते मला खात्यातूनच कळलं.

समोर बहुतेक सगळे राजापूर, लांजा, देवगडकडचे चाकरमानी दिसताहेत. तेव्हा कातळशिल्प म्हणजे सड्याच्या कातळात कोरलेलं जुनं चित्र, यापलीकडे काही सांगत बसत नाही. कशेळीचा तो अवाढव्य हत्ती, अठरा मीटरच्या आसपास लांब आणि त्याच्या पोटात कितीतरी प्राणी, बारसूचा दोन वाघांच्या मधला माणूस, उक्षीचा हत्ती. रत्नागिरी-सिंधुदुर्गात अशी हजारावर चित्रं नोंदली गेलीत, आणि ती शोधून काढण्याचं श्रेय सड्यांवर वर्षानुवर्षं पायपीट करणाऱ्या स्थानिक हौशी मंडळींचं आहे. २०२२ साली यातली नऊ ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. आठ आपल्याकडची आणि एक गोव्यातलं, कुशावती नदीकाठचं फणसायमाळ. तेव्हा पेढे वाटले गेले. ही जागा कोणाच्या नावावर आहे, असं मात्र कोणी विचारलं नाही.

तुमच्या नावावर आहे, मंडळी. (हशा) हसू नका. किल्ले आणि लेणी बहुतेक सरकारजमा आहेत, कातळशिल्पं बहुतांशी खासगी जमिनीत आहेत. आणि सातबाऱ्यावर त्या जमिनीसमोर काय लिहिलेलं असतं? पोटखराब. लागवडीला अयोग्य. ज्या कातळावर कोणीतरी हजारो वर्षांपूर्वी गेंडा कोरला, तो आमच्या दप्तरी पोटखराब.

आता एक हकिगत सांगतो. गावाचं नाव घेत नाही, कारण त्या गावचे दोघे-तिघे इथे बसलेत आणि आत येताना त्यांनी मला नमस्कारही केलाय. त्यांच्या सड्यावर एक मोठं चित्र होतं, माशासारखं. ते वाचवायचं तर जागा विकत घ्यावी असं ठरलं. सक्तीचं संपादन नको, संमतीनं थेट खरेदी. चांगला विचार होता. मोजणीचा अर्ज आला, मी सातबारा काढला. नावांचा रकाना भरून खाली वाहत होता. पहिले खातेदार कधीच मयत झालेले, त्यांच्या मुलांची नावं लागलेली, नातवांपैकी निम्म्यांची लागलेली, निम्म्यांची राहिलेली. एकाचं नाव नुसतं 'बाळ्या'. आडनाव नाही, बापाचं नाव नाही. हा बाळ्या कोण, यावर गावात दोन तट होते आणि दोन्ही तटांकडे आपापला बाळ्या होता.

सगळ्या सहहिस्सेदारांना नोटिसा काढल्या. भांडुप, नालासोपारा, बडोदा आणि एक न्यू जर्सी. भांडुपच्या गृहस्थांचं उत्तर पहिलं आलं : जमीन विकणे नाही, तिथे हापूसची कलमं लावणार आहोत. त्या सड्यावर पहार मारली तर पहार वाकते! बडोद्याच्यांनी विचारलं, भाव काय? न्यू जर्सीच्यांनी फार सुंदर पत्र लिहिलं, हा आपला वारसा जपलाच पाहिजे वगैरे, आणि सही मात्र केली नाही. नालासोपाऱ्याच्यांनी सगळ्यात धोक्याचा प्रश्न विचारला. पोटखराब जमीन सरकारला कशाला हवी? खाली काहीतरी असणार.

तो प्रश्न फोनवरून गावात पोचला. मी मोजणीला गेलो तोवर माशाच्या शेपटीशी पातेलं बसेल एवढा खड्डा पडला होता. रात्रीत कोणीतरी छिन्नी-हातोडा चालवला होता. आत काय मिळणार? लाल जांभा, त्याच्याखाली आणखी लाल जांभा. चिऱ्याचे ताजे कपचे बाजूला पडले होते आणि शेपटीची एक रेघ त्या खड्ड्यात संपत होती. इतकी वर्षं उघड्यावर पडून होती तेव्हा तिला कोणी हात लावला नव्हता. संरक्षणाची नोटीस निघाली आणि ती फुटली.

गुप्तधनावरून आठवलं. आपल्याकडे निखात निधीचा कायदा अजून १८७८ चाच आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं तर कलेक्टरला कळवायचं. दहा रुपये! आज त्यात वडापाव येत नाही. तो कायदा तसा अन्यायाचा नाही, सापडवणाऱ्याला वाटा आहे. सरकारनं वस्तू ठेवून घेतली तर मालाची किंमत अधिक तिचा पाचवा हिस्सा मिळतो. पण गावात हे कोणाला ठाऊक? लोकांना एवढंच माहीत, की सांगितलं तर पोलीस येतात. मग माणूस सांगतच नाही. बरं, हे विषयांतर झालं.

तर मी मोजणी करत होतो आणि एक काकू गुरं घेऊन आल्या. वय सत्तरीच्या पुढे, हातात काठी. त्यांनी पहिला प्रश्न मला विचारला, "हे कोणी फोडलं?" मी म्हटलं, माहीत नाही. मग जागा सरकार घेणार, कुंपण होणार असं सगळं त्यांना समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग गुरं काय तुझ्या हापिसात बांधू?"

पावसाळ्यानंतर सड्यावर जे गवत येतं त्यावर त्यांची चार जनावरं जगत होती. त्या रोज तिथे यायच्या. चित्र त्यांना सासऱ्यांनी दाखवलेलं, पांडवांनी काढलं म्हणून. मासा म्हटलेलं त्यांना मुळीच पटलं नाही. ती गाय आहे, हे शिंग, असं म्हणून काठीनं दाखवलंनी. खरं सांगायचं तर मलाही ते पटायला लागलं होतं. आणि बोलता बोलता कळलं, की काही वर्षांपूर्वी चिरेखाणवाला तिथवर आला होता. त्यानं कातळावर चुन्याच्या रेघा मारल्या, यंत्र आणायचं ठरलं. काकू त्या रेघांवर जाऊन बसल्या. पांडवांच्या रेघेवर यंत्र घातलंस तर बघ, म्हणाल्या. खाण शंभर पावलं अलीकडे थांबली. तुम्ही गेलात तर दिसेल, चौकोनी खड्डा तिथेच थांबलाय.

मी परत येऊन सातबारा पाहिला. काकूंचं नाव त्यावर नव्हतं. नवरा वारल्यावर वारस नोंद घातलेलीच नव्हती. खरेदी झाली असती तर पैसे न्यू जर्सीला गेले असते. खरेदी अर्थात झालीच नाही. फाईल कुठे असेल ते फायलीलाच ठाऊक.

दुसऱ्या एका गावी जागा रीतसर मिळाली. कुंपण झालं, फाटक झालं, कुलूप लागलं. किल्ली तालुक्याला. गुरं आत जायची थांबली, तेव्हा आत करवंदीची जाळी माजली आणि चित्र गवताखाली गेलं. शाळेची सहल आली ती फाटकाचा फोटो काढून परत गेली. संबंधित कार्यालयाला मी पत्र लिहिलं. पोच आली.

हे फक्त कोकणाचं रडगाणं आहे असं समजू नका. घाटावर पांढरीची, म्हणजे जुन्या वस्त्यांच्या मातीची, टेकाडं बघा. इनामगावला घोड नदीकाठी डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून पंधरा वर्षं उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची शंभरावर घरं सापडली, पाटाच्या पाण्याची सोयसुद्धा. आणि अशीच कितीतरी टेकाडं आपल्याच लोकांनी गाड्या भरभरून शेतात टाकली, कारण पांढरी माती खताला उत्तम. प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या केंद्रीय कायद्यात संरक्षित क्षेत्रात शेतीला मुभा आहे, पण फूटभर खोलीपर्यंतच. ज्यानं ते कलम लिहिलं त्याच्या डोळ्यांसमोर बैलांचा नांगर होता. ट्रॅक्टरच्या पलटी नांगराला फूट काय आणि दीड फूट काय!

चिठ्ठी आलीय. 'दहा मिनिटे'. मघाची चिठ्ठी मी पाहिली नव्हती असं समजा. (हशा)

तर जे सांगायला आलो होतो ते आता भराभर सांगतो. अमेरिकेत १९८० पासून एक संस्था लोकवर्गणीतून प्राचीन स्थळांच्या जमिनी विकत घेते. पाचशेहून जास्त स्थळं त्यांनी राखलीत. तिकडे ते चालतं, कारण तिकडे जमिनीचा मालक बहुधा एक असतो आणि तो सापडतो. आपल्याकडे बाळ्या असतो. म्हणून संपादन अजिबात नको असं मी म्हणत नाही. खाण दाराशी आली असेल, प्रकल्प येऊ घातला असेल, तर घ्यावंच लागेल. पण चित्र आणि त्याच्या भोवतीचा पट्टा एवढंच घ्या, आणि चराईचा हक्क लिहून ठेवा.

बाकी ठिकाणी माझं म्हणणं साधं आहे. सातबाऱ्यावर 'इतर हक्क' नावाचा रकाना असतो. बँकेचा बोजा तिथे चढतो. तिथेच 'या गटात कातळशिल्प आहे' एवढी नोंद नकाशासह घाला. मालकी तुमचीच राहील. उद्या कोणी चिऱ्याचा परवाना मागितला, की सातबारा तहसीलदारांच्या टेबलावर येतोच. त्या क्षणी ती ओळ दिसली पाहिजे. आज दिसत नाही, म्हणून परवाना देणाऱ्यालाही दोष देता येत नाही. कागदावर पोटखराब आहे, त्यानं कागद वाचला.

दुसरं, करार. त्याच १९५८ च्या कायद्याच्या सहाव्या कलमात मालकाशी करार करून स्मारक जपायची सोय आहे. जागा मालकाची, काय करायचं आणि काय नाही ते लिहून घेतलेलं. याची चर्चा कोणी करत नाही, कारण करारात उद्घाटनाची कोनशिला बसवता येत नाही. करारापोटी दरवर्षी काही रक्कम द्या, आणि ती राखणाऱ्याच्या हातात द्या. आणि शंभर मीटरची भीती आधी काढा. राष्ट्रीय संरक्षित स्मारकापासून शंभर मीटर बांधकाम बंद, त्यापुढे दोनशे मीटर परवानगी, हा २०१० चा नियम लोकांनी अर्धवट ऐकलाय. आपलं घर पाडतील म्हणून चित्रावर माती लोटणारे लोक मी पाहिलेत.

लोकशिक्षणाला आता दोनच मिनिटं. रेघ फोटोत उठून दिसावी म्हणून खडू, चुना, रंग भरू नका. सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर जा, तिरप्या उजेडात ती आपोआप दिसते. चपला काढा. गवत खराट्यानं हळूच झाडा, खुरप्यानं खरवडू नका. शाळेतल्या मुलांना सड्यावर न्या, पण बोलायला काकूंना सांगा, मास्तरांना नको. मास्तर असतील तर माफ करा. देवराहाटीतली, म्हणजे देवाच्या राखीव रानातली, काठी आपण मोडत नाही, त्यासाठी कोणी कधी संपादन केलं नव्हतं. उक्षीला गावानंच हत्तीभोवती बांधून घेतलं, वरून बघायची सोय केली. एकदा जाऊन बघा.

अध्यक्ष उठताहेत, तेव्हा शेवटचं. मोबाईलवर महाभूलेख, म्हणजे सातबारा बघायचं सरकारी संकेतस्थळ, उघडा, गावाचा गट नंबर टाका. वडिलांचं किंवा आजोबांचं नाव अजून तसंच असेल तर वारस नोंदीचा अर्ज करा. मृत्यूचा दाखला आणि वारसांची यादी जोडा, बहिणींची नावं गाळू नका. अर्जाचे नमुने मी आणलेत, खाली चहाच्या टेबलापाशी बसतो. राजापूरवाल्यांनी आधी या, तुमचं प्रकरण जास्त किचकट असतं.