नोटीस जाहीर, पण कळली कुणाला?

श्रोतेहो, नमस्कार. पेपरातली ‘जाहीर नोटीस’ आपण वाचतो का? निधनवार्ता वाचतो, बेदाण्याचा दर बघतो, चौकटीतला बारीक मजकूर तेवढा सोडून देतो. पण त्यातली एखादी नोटीस तुमच्या फायद्याची असू शकते.

एकाच बिल्डरनं शंभर जणांना फसवलं, तर शंभर केसेस घालाव्या लागत नाहीत. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत ऑर्डर 1, रूल 8 आहे. कोर्टाच्या परवानगीनं एकदोघं सगळ्यांच्या वतीनं भांडू शकतात. ग्राहक आयोगातही, 2019 च्या कायद्याच्या कलम 35 नं, तीच सोय आहे. मात्र बाकीच्यांना तसं कळवावं लागतं, घरपोच नाहीतर पेपरातून, आणि खर्च दावा लावणाऱ्याचा. दिवाणी दाव्यात तर त्या सगळ्यांवर निकाल बंधनकारक. नोटीस वाचली नाही तरी बंधनकारक. पुन्हा सांगतो, वाचली पण समजली नाही, तरीही बंधनकारक!

मी ज्युनिअर होतो तेव्हाची गोष्ट. आमच्या सिनियरांकडं प्लॉटचं प्रकरण आलं. तेव्हा ग्राहक मंच म्हणायचे, आता आयोग म्हणतात. परवानगी मिळाली, साहेबांनी नोटीस सांगितली, पेपरात आली. ऐका: “तमाम लोकांस कळविणेत येते की, तक्रारदार यांनी स्वतःकरिता व समान हितसंबंध असणाऱ्या इतर सर्व इसमांकरिता तक्रार दाखल केली असून, सदर कामी ज्या कोणास म्हणणे द्यावयाचे असेल त्यांनी नेमल्या तारखेस हजर राहावे, न राहिल्यास पुढील योग्य तो हुकूम करणेत येईल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तासगावकडच्या एक अक्का एसटीनं आल्या. बरोबर भाचा, बी.ए. झालेला. त्यानंच वाचून दाखवलेलं. अक्का खुर्चीत बसेनात. उभ्याउभ्याच पदराची गाठ सोडली, घडी पडलेल्या नोटा टेबलावर ठेवल्या. म्हणाल्या, “वकीलसाहेब, म्या कुणाची पै बुडिवली न्हाई. हुकूम काढू नगा. किती भरायचं ते सांगा, आन् माझं नाव त्यातनं खोडा.”

अक्कांचं नाव नोटिशीत नव्हतंच! पण कोर्टाचा कागद म्हटलं की आपल्यावरच काहीतरी आलं, हे आपल्याकडं ठरलेलं. तलाठ्याचा कागद, बँकेचा कागद, सगळ्यांची तीच गत.

साहेब तापट. त्यांनी चष्मा काढला. मला वाटलं, आता भाच्याचं काही खरं नाही. पण ते शांतपणे म्हणाले, “अक्का, पैसे तुम्ही द्यायचे नाहीत. बिल्डरनं तुम्हाला द्यायचेत.”

“मग तसं का न्हाई लिवलं?”

टायपिस्टचा हात थांबला. साहेब म्हणाले, “तुम्ही कसं लिहिलं असतं?”

अक्का नोटा परत गाठीत बांधत बोलत होत्या. “ज्यांनी ज्यांनी त्या माळावरच्या प्लॉटाला पैसं भरल्यात आन् प्लॉट न्हाई गावला, त्येंच्यासाठी केस घातलीया. पावती जपून ठेवा. कोण केसचं पैसं मागाय आला तर देऊ नगा. बोलायचं असलं तर अमुक दिवशी सांगलीला या.”

साहेबांनी मला खूण केली, घे लिहून. ‘पैसे देऊ नगा’ हे आम्हा वकिलांच्या डोक्यातही आलं नसतं. भाच्यानं मग सांगितलं, गावात एक एजंट केसच्या नावानं वर्गणी गोळा करत फिरतोय. मंचानं मंजूर केलेला मजकूर परस्पर बदलता येत नव्हता. म्हणून अक्कांच्या मजकुराची हँडबिलं छापली, बाजाराच्या दिवशी वाटली. मग माणसं यायला लागली. पावती प्लास्टिकच्या पिशवीत, त्यावर दुसरी पिशवी, वर रबर.

अमेरिकेत अशा दाव्यांसाठी फेडरल, म्हणजे केंद्रीय, कोर्टांचा रूल 23 आहे. नोटीस साध्या, सहज समजेल अशा भाषेत हवी, असं त्यात 2003 मध्ये स्पष्ट घातलं. फेडरल ज्युडिशियल सेंटर या त्या कोर्टांच्याच संशोधन संस्थेनं नमुनेही करून ठेवलेत, प्रश्न आणि त्याखाली उत्तर. आपल्या रूल 8 मध्ये नोटीस द्या म्हटलंय, भाषेबद्दल अक्षर नाही. पण साधं लिहू नका असंही कुठं म्हटलेलं नाही! आमच्या काही वकीलमित्रांना वाटतं, अशिलाला समजलं तर फी कशाची घ्यायची. लग्नपत्रिका बघा, कुणाचं लग्न, कधी, कुठं, सगळं एका नजरेत. नोटिशीला तेवढं जमलं तरी पुष्कळ.

तोवर तुम्ही काय करायचं? चौकटीत ‘इतर सर्वांकरिता’ किंवा ‘समान हितसंबंध’ असे शब्द दिसले की थांबा. केस कुणाविरुद्ध आहे ते बघा. त्या कंपनीला, त्या बिल्डरला आपण पैसे दिलेत का? दिले असतील तर पावती शोधा. तारीख आणि प्रकरण क्रमांक लिहून घ्या. पुन्हा सांगतो, तारीख आणि प्रकरण क्रमांक. तुम्हाला त्यात स्वतः सामील व्हायचं असेल तर तसा अर्ज करता येतो. आणि नोटीस कळलीच नाही, तर पेपरचं ते पान घेऊन सरळ त्या कोर्टाच्या किंवा आयोगाच्या कार्यालयात जा. कात्रण नको, अख्खं पान न्या, वरची तारीख लागते.