निफ्टीच्या शांत रेषेखाली

पडद्यावर निफ्टी ५० चा, म्हणजे राष्ट्रीय शेअर बाजारातील ५० मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकाचा, २०२२ या वर्षाचा आलेख आहे. वर्षअखेरीस हा निर्देशांक सुरुवातीपेक्षा जेमतेम चार टक्के वर होता. त्याच वर्षात आयटी कंपन्यांचा निर्देशांक निफ्टी आयटी सुमारे २६ टक्के घसरला आणि बँकांचा निर्देशांक निफ्टी बँक सुमारे २१ टक्के वाढला.

रिझर्व्ह बँकेने मे ते डिसेंबर या काळात रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने अल्पमुदतीचे कर्ज देते तो दर, ४ टक्क्यांवरून ६.२५ टक्क्यांवर नेला. बदलत्या दराची कर्जे लगेच महागली, ठेवींवरचे व्याज मात्र सावकाश वाढले आणि मधली तफावत बँकांच्या पदरात पडली. अमेरिकेतही दर चढत होते. तिथल्या ग्राहकांवर विसंबून असलेल्या आयटी कंपन्यांना त्या दरवाढीची झळ बसली.

मग निफ्टी वर कसा राहिला? निफ्टीत प्रत्येक कंपनीचे वजन तिच्या खुल्या बाजारात फिरणाऱ्या शेअरांच्या मूल्यावरून ठरते आणि बँका व इतर वित्तीय कंपन्या मिळून त्याचा साधारण एक तृतीयांश भाग व्यापतात. बाकी सारे जागच्या जागी राहून केवळ हा गट ३ टक्के घसरला, तरी निफ्टी १ टक्का खाली येतो. ज्या क्षेत्राचे वजन दहा टक्के आहे, त्याच्या तेवढ्याच घसरणीने निफ्टी अवघा ०.३ टक्का हलतो. म्हणूनच निफ्टी आणि निफ्टी बँक हातात हात घालून चालताना दिसले, तर त्यातून फार मोठा अर्थ काढणे मला धोक्याचे वाटते, कारण त्या जवळिकीचा बराचसा भाग एकाच शेअरांची दोनदा मोजणी झाल्याने आलेला असतो.

काही दिवस मात्र वजनाचे हे गणित मागे पडते. २३ मार्च २०२० रोजी सकाळी बाजार १० टक्के कोसळताच व्यवहार ४५ मिनिटे थांबवावे लागले. दिवसअखेर निफ्टी सुमारे १३ टक्के खाली होता आणि एकही क्षेत्रीय निर्देशांक त्या पडझडीतून सुटला नव्हता, कारण त्या दिवशी गुंतवणूकदार कंपनी किंवा क्षेत्र न पाहता हाती असेल ते विकून रोकड गोळा करत होते.

घसरण एकत्र झाली; सावरताना मात्र प्रत्येक क्षेत्राने आपापली वाट धरली. त्या वर्षाच्या अखेरीस निफ्टी सुमारे १५ टक्के वर होता, औषध कंपन्यांचा निर्देशांक जवळपास ६० टक्के वर, तर निफ्टी बँक अजूनही जानेवारीतल्या पातळीच्या किंचित खालीच होता.